गोरोदेचा घाट: लिव्हिंगस्टोनियाला मिशनच्या कामासाठी जाणाऱ्यांनी निघण्याआधी वाचावं असं

उत्तर मलावीतल्या लिव्हिंगस्टोनियाच्या मिशनवर बोलावणाऱ्यांच्या पत्रात हमखास लिहिलेलं असतं: ‘चिटिंबाहून वर फक्त १५ किलोमीटर.’ आकडा खरा आहे, ‘फक्त’ खोटं आहे. चिटिंबा मलावी सरोवराकाठी, सरोवराचं पाणी समुद्रसपाटीपासून ४७४ मीटरवर आणि मिशनचं ठाणं त्याच्याही सुमारे ९०० मीटर वर. मधे गोरोदेचा कच्चा रस्ता आणि २० हेअरपिन वळणं. शिवाय एकदा वर पोचलं की सुटलो, असंही नाही. वर राहणाऱ्याची औषधं, गॅस, साबण आणि म्झुझू शहरात हलवायचा रुग्ण, सगळं याच वळणांवरून येतं-जातं. मुक्काम वर्षाचा असो की महिन्याचा, बेत या घाटाभोवतीच आखावा लागतो.

राजधानी लिलाँग्वे ते म्झुझू डांबरी रस्ता आहे. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. म्झुझूत मात्र तीन कामं उरका: रोख कवाचा (इथलं चलन) काढा, टाकी काठोकाठ भरा आणि गॅसचा सिलिंडर घ्या. हे वर मिळेल या भरवशावर निघू नका. डिझेलची टंचाई या देशाला नवी नाही, म्हणून भरलेला जेरीकॅन सोबत हवाच. नोव्हेंबर २०२३ मध्ये कवाचाचं ४४ टक्के अवमूल्यन झालं, त्यामुळे त्याआधी गेलेल्यांनी सांगितलेले भाव विसरून जा.

चिटिंबाच्या नाक्यावर खरी लूट होते. घाटात बस चढत नाही. जे काही जातं ते मटोला, म्हणजे पैसे घेऊन माणसं-पोती वाहणारा पिकअप. परदेशी चेहरा आणि चार बॅगा दिसल्या की ‘आज दुसरी गाडी नाही, अख्खी गाडी करा’ हे ठरलेलं वाक्य कानावर येतं. सकाळी लवकर पोचलात तर थांबा, गाडी भरते आणि निघते. दुपार टळल्यावर पोचलात तर घासाघीस करायला हातात काही उरत नाही, खाली मुक्काम करा. शेजारी बसलेल्या बाईला तिनं किती दिले ते विचारा. भाडं माणसाचं वेगळं आणि सामानाचं वेगळं ठरवा, आणि पैसे वर उतरल्यावरच द्या. आधी दिलेत तर मधल्याच वळणावर ‘इंजिन तापलं, अजून थोडे द्या’ सुरू होतं.

स्वतःची गाडी असेल तर ती फोर-व्हीलच हवी आणि लो रेंजवाली (चढावर जोर देणारे खालचे गिअर असलेली) हवी. लो रेंज वळणात शिरल्यावर नाही, घाट सुरू होण्याआधी टाका. वळणाच्या मध्यात गाडी थांबवून गिअर बदलायला गेलं की ती मागे सरकते, आणि तिथली सुटी खडी टायरला धरत नाही. टायरची हवा ३५ पीएसआय असेल तर २५ वर आणा. जड सामान मागच्या टोकाला रचू नका. चढावर पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. लांब गाडी काही वळणांत एका झोकात बसत नाही, रिव्हर्स घ्यावीच लागते. अशा वेळी गाडीचं मागचं टोक डोंगराकडे जाईल असं बघा, दरीकडे नको. एकाला दगड घेऊन चाकामागे उभा करा. प्रत्येक वळणाआधी हॉर्न द्या, कारण वरून येणारा दिसत नाही.

उतरताना पहिला गिअर, लो रेंज, आणि गाडी इंजिनानं रोखायची. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांचे ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणांत पेडल पोकळ लागतं. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. त्या दिवसांत आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर जाऊच नका, कितीही महत्त्वाची सभा असली तरी. रुम्फीकडून येणारा दुसरा रस्ता बराच लांबचा आहे आणि ओला झाला की तोही सुखाचा नाही.

चालत जायचं असेल तर पहाटे साडेपाचला निघा, माणशी तीन लिटर पाणी घ्या, एकटे जाऊ नका. वाटाड्या ठरवताना पिशवी उचलणं त्याच पैशांत धरलंय का ते आधी बोलून घ्या. पायवाटेचे शॉर्टकट अंतर वाचवतात, गुडघे नाही.

वर येणाऱ्या बहुतेकांची तयारी उलटी असते. चिचेवा शिकून येतात, तर इथे उत्तरेत चालते चिटुंबुका. सुती कपडे आणतात आणि जून-जुलैच्या रात्री कुडकुडतात. वर मलेरिया नाही, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. स्कॉटिश मिशनरी डॉक्टर रॉबर्ट लॉज यांच्या मिशननं १८७५ मध्ये सरोवराकाठी केप मॅक्लिअरला सुरुवात केली, १८८१ मध्ये बंडावेला आणि १८९४ मध्ये इथे खोंडोवेच्या पठारावर बस्तान हलवलं. तापानं माणसं जात होती, हे त्यामागचं मोठं कारण. इथे डास कमी आहेत, पण घाट उतरून सरोवराकाठी एक रात्र काढली की हिशेब बरोबर होतो. मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिन रोज १०० मिलिग्रॅम, परतल्यावरही चार आठवडे. ताप आला तर आधी तपासणी, मग आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन: प्रौढाला चार गोळ्या, तीन दिवसांत सहा वेळा, काहीतरी स्निग्ध खाऊनच. उपाशीपोटी औषध नीट शोषलं जात नाही. सरोवरात डुंबलात तर बिलहार्झियासाठी (गोड्या पाण्यातून होणारा कृमींचा आजार) प्राझिक्वांटेल सहा-आठ आठवड्यांनी घ्या. लगेच घेऊन उपयोग नाही, ते फक्त वाढ झालेल्या कृमींवर चालतं.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना लांबते आणि पाहुण्याला उभं करतातच. दुभाष्यासकट दहा मिनिटांत संपेल एवढंच बोला. बायकांनी गुडघ्याखाली येणारा स्कर्ट, वर चिटेंजे (कमरेला गुंडाळायचं कापड) गुंडाळावं. कुणाकडे मृत्यू झाला की दवाखाना-शाळेचं वेळापत्रक बाजूला राहतं, जाऊन बसायचं असतं, आणि न जाणारा लक्षात राहतो. दारावर पैसे मागायला आलेल्याला परस्पर देऊ नका, मंडळीच्या वडीलजनांमार्फत द्या. एकदा परस्पर दिले की रांग लागते आणि पाळकांची पंचाईत होते.

बघण्यासारखं आहे, तेवढं अर्ध्या दिवसात होतं: स्टोन हाउस, मांचेवेचा धबधबा, आणि १९५९च्या आणीबाणीत जमिनीवर दगडांनी लिहिलेलं ‘इफिस २:१४’, म्हणजे ‘तो आपली शांती आहे, त्यानं दोघांना एक केलं’ हे बायबलमधलं वचन. सुटका हवी का, असं विमानातून विचारलं गेलं, तेव्हा मिशनऱ्यांनी खालून दिलेलं हे उत्तर.

उतरायची गाडी वर चढतानाच ठरवा, त्याच ड्रायव्हरशी, आणि विमानाच्या दोन दिवस आधीची. आदल्या दिवशीची ठरवली आणि रात्री पाऊस आला, तर तिकीट गेलं म्हणून समजा.