पत्रिकेतून गळलेला बिल्डर

रविवारच्या व्याख्यानाची निमंत्रणपत्रिका आज हाती आली. माझ्या नावाखाली ‘स्थानिक इतिहासाचे अभ्यासक व पर्यावरण कार्यकर्ते’ असे सुबक अक्षरांत छापले आहे. ज्या बांधकामाच्या धंद्यावर आमचे घर चालले, त्याचा मात्र उल्लेख नाही. पत्रिकेचा मजकूर लिहिणाऱ्या नानांनी तो माझी लाज राखण्यासाठीच गाळला असणार, आणि नेमके तेच दिवसभर बोचते आहे. घरातले एखादे लफडे पाहुण्यांपासून झाकावे, तसा माझा व्यवसाय झाकला गेला.

विषय मिठी नदीचा आहे. विहार आणि पवई तलावांचे जादा पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला मिळते, हे मी कागदपत्रांत वाचले खरे. पण खाडीचे पाणी पूर्वी कुठवर खेळत होते, हे मला कुर्ल्याच्या साइटवरील पायाच्या खड्ड्याने दाखवले. वरचा भराव उपसल्यावर खाली काळाभोर, उग्र वासाचा चिखल लागला, त्यात शिंपल्यांचा थर होता, आणि रात्री पंप जरा बंद ठेवला की सकाळी खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलेले असे. पुढे 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, तेव्हा पाणी कुठे शिरले याचे मला नवल वाटले नाही. तिवरे, म्हणजे खाडीकाठची खारफुटीची झाडे, वाचवण्यासाठी मी अर्ज करू लागलो, ते याच धंद्यातल्या शहाणपणातून.

धारावीच्या काळ्या किल्ल्यावरील शिलालेखात 1737 हे साल आणि गव्हर्नर जॉन हॉर्न यांचे नाव आहे. 1845 मध्ये झालेल्या माहीम कॉजवेसाठी लेडी जमशेटजींनी पैसे दिले, हेही आम्ही कौतुकाने सांगतो. जुन्या काळी बांधकाम करणाऱ्यांची नावे दगडावर मिरवावीत आणि माझा धंदा पत्रिकेतही चालू नये! वहिनी असत्या, तर त्यांनी नानांना सुनावले असते. असो.

तसे पाहिले, तर बिल्डर मंडळींच्या बैठकीत ‘आले आमचे तिवरवाले’ म्हणून माझे स्वागत होते आणि मी बसताच खाडीलगतच्या प्लॉटांचे बोलणे आटोपते. तिथे मला बिल्डर समजत नाहीत, इथे समजतात म्हणून लपवतात. रुसायचे तरी कोणावर?

पत्रिकेत दुरुस्ती सुचवणार नाही. त्या खड्ड्याचा फोटो मात्र व्याख्यानात सर्वांत आधी दाखवणार आहे. तो कुठला, असे कोणी विचारलेच, तर इमारतीचे नाव सांगेन आणि तळमजल्यावर एकही घर न काढता ती खांबांवर का उचलली, हेही सांगेन. तिथले सगळे फ्लॅट कधीच विकले गेले आहेत, त्यामुळे जाहिरात केल्याचा आळ तरी येणार नाही.