नॉर्मल रिपोर्ट

“एमआरआय नॉर्मल हाय न्हवं, मग गोळ्या कशाला?” राजारामपुरीत रिक्षात बसताना मामांनी विचारले आणि भाऊ मांडीवरच्या फिल्मच्या पाकिटाचा कोपरा दुमडत राहिला.

भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात, तर कधी खोल उदासीत नेणारा आजार. गाठ किंवा रक्तस्राव नाही, एवढेच तो रिपोर्ट सांगतो. २०१९ मध्ये ३,०३३ जणांच्या मेंदूच्या प्रतिमा एकत्र अभ्यासल्या गेल्या, तेव्हा या आजारात मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या रचनेत, विशेषतः दोन्ही अर्धगोलांना सांधणाऱ्या पट्ट्यात, फरक आढळला. पण तो गटांच्या सरासरीतला, एकट्याच्या फिल्मवर डोळ्यांना न दिसणारा.

मामांना मी हे सगळे, बहुधा जरा जास्तच, ऐकवले. पायाला प्लास्टर असते, तर त्यांनी गोळ्यांबद्दल विचारले असते का?

उतरताना भाऊ हळूच म्हणाला, “काहीतरी दिसायला पाहिजे होतं.”