पावातलं पालक-आर्टिचोक डिप: ऑक्टोबर ते एप्रिल, सात खेपा

कोजागिरीच्या रात्री मी पाव उचलायला गेले आणि त्याचा तळ ताटलीतच राहिला. वरून सगळं छान दिसत होतं, चीजवर तांबूस डाग, कडा खरपूस. आत मात्र हिरवट पाणी साचलेलं आणि बुडाचा पार लगदा झालेला. ती पहिली खेप. त्यानंतर सहा वेळा केलं, आता हात बसलाय, म्हणून वजनांसकट सगळं एका जागी लिहून ठेवते. जे हे करतायत त्यांना उपयोगी पडेल.

ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पालक, आर्टिचोक (एका काटेरी झाडाची भाजीसारखी खायची कळी) चे गाभे, क्रीम चीज, सावर क्रीम आणि एक-दोन प्रकारचं किसलेलं चीज गरम करून एकजीव करायचं, कोरलेल्या गोल सावरडो (आंबवलेल्या पिठाच्या) पावात भरायचं आणि भाजायचं. पावातून काढलेल्या गराचे तुकडे त्यात बुडवून खायचे. अमेरिकेत चार माणसं जमली की हे डिप कुठे ना कुठे असतंच. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट ही की भांडंसुद्धा खायचं असतं. शेवटी चीज मुरलेलं बूड हाताने तोडून वाटून घेतात. आमच्या गटातली मुलं त्याला खरवड म्हणतात.

पहिल्या खेपेचं निदान करायला वेळ लागला नाही. गोठवलेल्या पालकाचं २८३ ग्रॅमचं पाकीट मी नुसतं चाळणीत निथळवून टाकलं होतं. दुसऱ्या वेळी तोच पालक पूर्ण वितळू दिला आणि चक्का टांगायच्या मलमलीच्या फडक्यात बांधून पिळला. फडकं पिळून पिळून मनगट दुखलं, तेव्हा वाटीत हिरवं पाणी किती जमलं ते मोजलं: १३० ग्रॅमच्या वर. म्हणजे पाकिटातलं जवळपास अर्धं वजन पाण्याचंच. हाताच्या मुठीत पिळून एवढं निघत नाही, करून पाहिलंय. पालकाचा गोळा फोडला की तो भुरभुरला पाहिजे, बोटांना ओल लागता कामा नये. डब्यातले आर्टिचोकही असेच. चाळणीवर निथळलेले २४० ग्रॅम गाभे फडक्यात दाबले तर आणखी ३० ग्रॅम पाणी सुटलं. तेल-मसाल्यात मुरवलेले बाटलीतले आर्टिचोक मी एकदा वापरले. त्यांच्या व्हिनेगरपुढे बाकी कशाचीच चव लागत नाही. साध्या पाण्यातले घ्या.

थँक्सगिव्हिंगच्या त्या दुसऱ्या खेपेत पाणी आटोक्यात आलं, पण चीज फुटलं. वर पिवळ्या तेलाचं तळं आणि खाली रबरासारखे गोळे. दोन चुका होत्या. एक म्हणजे घाईत ओव्हन २२० अंश सेल्सियसवर ठेवला. चीज फार तापलं की त्यातली प्रथिनं आवळतात आणि धरून ठेवलेली चरबी सोडून देतात. दुसरी म्हणजे किसलेल्या चीजचं तयार पाकीट. तो कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यावर बटाट्याचं स्टार्च किंवा सेल्युलोज भुरभुरवलेलं असतं, त्याने डिप रवाळ लागतं. आता मी चीजची वडी आणून स्वतः किसते आणि १७५ अंशांच्या वर जात नाही. क्रीम चीज आधी तासभर बाहेर काढून मऊ करून ठेवते, नाहीतर गुठळ्या राहतात आणि त्या मोडेपर्यंत बाकीचं जास्त तापतं.

डिसेंबरात लक्ष पावाकडे वळवलं. ताज्या पावाचा गर ओला असतो, तो कोरताना चिकटतो आणि डिपमधलं पाणीही पटकन ओढतो. आदल्या दिवशीचा पाव घ्यायचा. साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा, जाड पाठीचा. दातेरी सुरीने वरचं टोपण कापायचं, मग सुरी कडेपासून दोन सेंटिमीटर आत फिरवायची आणि गर बोटांनी उचकटून काढायचा. तळाला मात्र तीन सेंटिमीटर ठेवायचा. मी कोरताना एका जागी फार खोल गेले होते आणि गळती बरोबर तिथूनच झाली.

कोरलेलं कवच रिकामंच १७५ अंशांवर बारा मिनिटं भाजलं. आतून कोरडं, टोस्टसारखं झालं. त्याला आतून लसणाचं लोणी लावलं आणि तळाला व भिंतींना मूठभर मॉन्टेरे जॅक नावाचं चीज किसून पुन्हा चार मिनिटं ओव्हनमध्ये ठेवलं. चीज वितळून पावावर बसलं, अगदी अंगण सारवावं तसं. या सारवणाने माझा पाव वाचला. त्या दिवशी डिप दीड तास पावात होतं आणि तळ उचलला तेव्हा बाहेरून कोरडा होता. मला इतका आनंद झाला की तळाचा फोटो काढून ठेवलाय.

जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलं, तेव्हा वेगळाच प्रश्न आला. एका मैत्रिणीच्या सासूबाई भारतातून आलेल्या. त्यांनी तुकडा हातात घेऊन विचारलं, "अगं, यात अंडं नाही ना?" होतं, कारण मी मेयोनीज घातलं होतं. शाकाहारी माणसाला न विचारता ते समोर ठेवलं याचं मला फार वाईट वाटलं. मग घरी येऊन सगळी लेबलं वाचली. इटलीचं पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे मूळ पार्मेजान चीज, वासराच्या पोटातून मिळणाऱ्या रेनेटनेच (दुधाचं चीज करायला लागणारं द्रव्य) करतात, तसा तिथला नियमच आहे. इथे अमेरिकेत बनलेल्या बऱ्याच पार्मेजानमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं, पण ते लेबलावर पाहूनच घ्यावं लागतं. आपल्या मंडळींसाठी करणाऱ्यांनी हे आधी तपासावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मेयोनीज काढून टाकल्यावर त्याच्या जागी सावर क्रीम वाढवलं, तर ते गरम झाल्यावर फाटायची भीती. उपाय आईच्या कढीत सापडला. ताक फाटू नये म्हणून आपण बेसन लावतो, तसा मी सावर क्रीमला एक चमचा कॉर्नफ्लोर लावला. स्टार्च प्रथिनांना गोळा होऊ देत नाही, कढीतही आणि इथेही. फेब्रुवारीत सुपर बोलच्या रविवारी असं केलं. रेशमासारखं झालं, आणि मेयोनीज नाही हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मार्चच्या शेवटी एका शनिवारी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे परगण्यातल्या कॅस्ट्रोव्हिल गावाला जाऊन आले. अमेरिकेत विकायला पिकवलेला आर्टिचोक जवळजवळ सगळा कॅलिफोर्नियात होतो आणि त्यातला मोठा वाटा या परगण्याचा. समुद्रावरून येणारं धुकं आणि थंड हवा त्या झाडाला मानवते. गावच्या मुख्य रस्त्यावर 'जगाचं आर्टिचोक केंद्र' अशी कमान आहे. १९४८ मध्ये मॅरिलिन मन्रो इथे आली होती आणि तिला आर्टिचोकची राणी म्हणून गौरवलं होतं, ही गोष्ट गावकरी अजून कौतुकाने सांगतात. ज्याला आपण भाजी म्हणतो ती खरं तर न उमललेली कळी आहे, काटेरी थिसलच्या जातीची. शेतात एक कळी झाडावर तशीच राहून उमललेली पाहिली, जांभळी, हाताच्या पंजाएवढी. बराच वेळ तिथेच उभी होते.

माझ्या डिपमधलं मॉन्टेरे जॅकही याच भागातलं, डेव्हिड जॅक्स नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या व्यापाऱ्याच्या नावावरून ओळखलं जाणारं. पालक शेजारच्या सलिनास खोऱ्यात पिकतो. सावरडोची सॅन फ्रान्सिस्कोतली परंपरा १८४९ च्या सोन्याच्या शोधाच्या काळातली. एवढे दिवस मी हे कुठलंही 'अमेरिकन पार्टीचं खाणं' समजत होते. गाडीत मागे ठेवलेल्या पिशव्यांकडे बघून वाटलं, यातलं बरंचसं तर माझ्या घरापासून दीड-दोन तासांच्या आतलं आहे.

ताजे सहा आर्टिचोक आणले आणि सहावी खेप त्यांची केली. बाहेरची जून पानं एकेक करून ओढायची, देठ सोलायचा, मग मधली लव चमच्याने खरवडायची. ती लव घशात अडकते, थोडीही राहता कामा नये. कापलेला भाग बघता बघता काळा पडतो म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकत गेले. पाऊण तासाने हातात गाभे आले २१० ग्रॅम. वाफवून लगेच एक तोंडात टाकला आणि वर पाणी प्यायले तर पाणी गोड लागलं. आर्टिचोकमधल्या सायनारिन नावाच्या द्रव्यामुळे तसं होतं, पण जिभेवर अनुभवल्यावर नवल वाटतंच. डिपमध्ये मात्र चीज आणि लसणाखाली ही नाजूक चव गेली. माझं मत पक्कं झालंय: ताजा आर्टिचोक लोण्याबरोबर खावा, डिपला डब्यातला घ्यावा.

आता सध्याचं प्रमाण. पिळलेला पालक १४५ ग्रॅम, दाबून बारीक चिरलेले आर्टिचोक २१० ग्रॅम, क्रीम चीज २२६ ग्रॅम, सावर क्रीम पाऊण कप, मॉन्टेरे जॅक १२० ग्रॅम आणि सारवणाला वेगळं ४० ग्रॅम, पार्मेजान ४० ग्रॅम, लसणाच्या चार पाकळ्या, मिरपूड, किंचित जायफळ. मीठ शेवटी, चव पाहूनच, कारण चीजमध्ये भरपूर असतं. लसूण लोण्यात परतून घ्यायचा, कच्चा उग्र लागतो. एक हिरवी मिरची मी घालते, ती माझी आवड.

डिप आधी पातेल्यात मंद आचेवर गरम करून मगच गरम कवचात भरते. थंड भरलं तर ते आतपर्यंत तापेपर्यंत पाव बाहेरून दगड होतो. पावाला बाजूंनी फॉइल गुंडाळून २० मिनिटं, मग फॉइल काढून पाच मिनिटं. मधोमध थर्मामीटर ७४ अंश दाखवतो तेव्हा काढते. टोपण ठेवलं की पाऊण तास चांगलं गरम राहतं. दोन तासांच्या वर मात्र बाहेर ठेवत नाही.

सातवी खेप एप्रिलमध्ये एका मैत्रिणीच्या घरी झाली, चाळीस मिनिटांच्या अंतरावर. कवच आणि डिप वेगवेगळं नेलं, तिच्या ओव्हनमध्ये जोडलं. चौदा माणसांत अर्ध्या तासात डिप संपलं. पाव तोडायची वेळ आली तेव्हा मुलं आधीच टेबलाभोवती उभी होती. बूड अखंड उचललं गेलं, आठ तुकडे केले, आणि धाकटीने कडेच्या, चीज जळून काळसर झालेल्या तुकड्यावर आधीच बोट ठेवलं होतं.

पुढच्या वेळी लोण्याऐवजी साजूक तूप लावून कवच भाजणार आहे. लोण्यात थोडं पाणी असतं, तुपात नसतं. सारवण त्यावर नीट बसतं का ते पाहायचंय.