घराजवळची मीटिंग

टोरांटोत माझी दारू सुटली ती ए.ए.च्या, म्हणजे पिणाऱ्यांनीच एकमेकांना दारू सोडायला आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगांमुळे. यंदा आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काही महिने गिरगावात मुक्काम पडला, आणि बॅगा उघडायच्या आधीच डोक्यात आलं की इथे माझी मीटिंग कुठली? दारू सुटली म्हणजे काम संपलं असं होत नाही. हॉस्पिटलची जागरणं, नातेवाइकांची वर्दळ, झोपेचं खोबरं, असल्याच दिवसांत मन पुन्हा बाटलीकडे वळतं.

ए.ए. सुरू झाली तीही परक्या गावात. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल डब्ल्यू. कामासाठी ओहायोतल्या अॅक्रनला आला होता. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत राहिला. त्याला दुसरा पिणारा माणूस हवा होता, कारण दुसऱ्या दारुड्याशी बोललं की आपण पीत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्या फोनांमधून त्याची गाठ पडली डॉ. बॉब या सर्जनशी, आणि दोघं तासन् तास बोलत बसले. बॉब शेवटचं प्यायला तो दिवस १० जून १९३५, आणि तोच ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये दिल्लीत रुजली, तीही तिथे राहायला आलेल्या एका कॅनेडियन सदस्यामुळे.

मीही फोनच उचलला. ए.ए. इंडियाच्या वेबसाइटवर मीटिंगांची यादी असते, हेल्पलाइनही असते. पलीकडच्या गृहस्थांनी आडनाव विचारलं नाही. राहता कुठे आणि मराठी ग्रुप चालेल ना, एवढंच विचारलं.

मला लांबचा ग्रुप हवा होता, ठाण्याचा नाहीतर बोरिवलीचा. गिरगावात प्रत्येक जिन्यावर आमच्या बाबांना ओळखणारं कोणीतरी आहे. त्यात बाईमाणूस आणि दारू! मी तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "ताई, ज्या संध्याकाळी लोकलच्या गर्दीत शिरायची ताकद नसेल ना, त्याच संध्याकाळी मीटिंगची गरज असते. चालत जाता येईल असा ग्रुप धरा."

ग्रुप महापालिकेच्या शाळेतल्या एका वर्गात भरतो. बाकं लहान मुलांची, त्यामुळे गुडघे वरच्या फळीला टेकतात. भिंतीवर पाढे, फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाची पटसंख्या तशीच राहिलेली. चहा येतो, मग डबा फिरतो. कोणी दहा रुपये टाकतं, कोणी तो नुसता पुढे सरकवतं. ए.ए. बाहेरून देणगी घेत नाही, भाडं आणि चहा याच डब्यातून निघतो. टोरांटोच्या माझ्या ग्रुपात निम्म्या बायका असतात, इथे त्या संध्याकाळी मी एकटीच होते. पण दोघांनी सरकून जागा केली, कोणी वळून पाहिलं नाही. इतरांनी काय सांगितलं ते लिहिणार नाही, तिथलं तिथेच राहतं. माझी पाळी आल्यावर मात्र मी आईपाशी अडले. टोरांटोत तिच्याबद्दल मी बिनदिक्कत बोलत असे; इथे ती दोन गल्ल्यांपलीकडे, पाय उशीवर ठेवून माझी वाट बघत होती.

ओळखीचं माणूस निघालंच. कोण, ते अर्थात सांगणार नाही. पण ज्या भीतीने मी बोरिवलीला जायचं म्हणत होते, ती भीती तिथे टिकतच नाही. मला त्या बाकावर बघणारा माणूस त्याच कारणासाठी शेजारच्या बाकावर बसलेला असतो. गल्लीत भेटलो की आम्ही आईच्या तब्येतीबद्दल बोलतो. एकदा मी गेले नाही, तर रात्री मेसेज आला, "आज दिसला नाहीत." बोरिवलीच्या ग्रुपात मी आले नाही म्हणून कोणाच्या लक्षात आलं असतं?

घरात दार लावून पिणाऱ्या बायका आपल्याकडे आहेत, हे मी ठामपणे सांगते. तुमच्यापैकी कोणी असाल, तर हेल्पलाइनवर "मला बाईशीच बोलायचंय" असं सरळ सांगा. आणि रोज पिणाऱ्याने, मग तो कोणीही असो, मनाने एका झटक्यात दारू बंद करू नये. फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. राहून उपचार हवे असतील तर वांद्र्याची कृपा फाउंडेशन आहे, पुण्याला १९८६ पासून मुक्तांगण आहे. घरच्यांसाठी अॅल-अॅनॉन आहे, बिलची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये ते सुरू केलं. पिणारा यायला तयार नसला तरी घरच्यांनी तिथे जरूर जावं.

मी आता आईला सांगूनच निघते. शेजारच्या काकूंनी विचारलं तर तीच खिडकीतून उत्तर देते, "दारूच्या मीटिंगला गेलीय, साडेआठपर्यंत येईल."