घोट्याचा दाब उत्तम, तरी जखम भरेना

चरईतून तलावपाळीला रोज संध्याकाळी चालत जाण्याचा माझा नेम आहे. गेल्या वर्षी गडकरी रंगायतनापाशी पोचेपर्यंत उजव्या पोटरीत गोळा येऊ लागला. तळ्याच्या कठड्याला टेकून दोन-तीन मिनिटे उभे राहिले की तो जाई आणि तेवढेच अंतर चालले की पुन्हा येई. वय ६३, मधुमेहाचे १९ वे वर्ष. मी ते दुखणे वयाच्या खाती टाकून मोकळा झालो.

पुढे नवी कोल्हापुरी चावली. दुखले नाही, म्हणून कळलेही नाही. चादरीवरचा डाग पाहून पत्नीने विचारले तेव्हा मी पाऊल वळवून पाहिले. अंगठ्याच्या कडेला शेंगदाण्याएवढी, मध्ये पिवळसर जखम होती आणि तीन आठवडे मलमपट्टी करूनही ती तशीच राहिली.

एका तपासणी केंद्रात घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढले. घोट्याला २००, दंडाला १३८, म्हणजे १.४५. हे गुणोत्तर ०.९ च्या खाली गेले तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असे समजतात, एवढे मला ठाऊक होते. शिवाय अहवालावरही रक्तपुरवठा चांगला असल्याचे लिहिले होते. त्या कागदाच्या भरवशावर मी आणखी दहा दिवस घालवले, याची टोचणी अजून आहे.

रक्तवाहिन्यांच्या सर्जननी तो आकडा पाहून म्हटले, "काका, १.४ च्या वरच्या आकड्यावर विसंबायचे नसते." दीर्घकाळच्या मधुमेहात धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचून ती इतकी कडक होते, की पट्टा कितीही आवळला तरी दबत नाही आणि यंत्र भलताच जास्त दाब दाखवते. पायाच्या बोटांतल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत, म्हणून त्यांनी अंगठ्याला छोटा पट्टा गुंडाळून दाब मोजला. तो ४२ भरला, म्हणजे गुणोत्तर ०.३०, तिथे ०.७ च्या खालचा आकडाही कमीच मानतात.

मग मला डोळे मिटायला सांगून ते तळव्यावर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा टेकवू लागले. थोड्या वेळाने मी म्हणालो, "लावा की आता." तोवर त्यांचा धागा सात ठिकाणी लावून झाला होता! चप्पल चावल्याचे का कळले नाही, याचा उलगडा मला त्या खुर्चीत झाला.

धमन्यांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत गुडघ्याच्या वर एक अरुंद जागा आणि गुडघ्याखालच्या तीनपैकी दोन धमन्या बंद आढळल्या. अँजिओग्राफीच्या औषधाचा भार मूत्रपिंडांवर पडू शकतो, म्हणून आधी मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन तपासले आणि मधुमेहाचे मेटफॉर्मिन हे औषध थांबवले. ते नंतर पुन्हा क्रिएटिनिन पाहूनच सुरू केले. जांघेतून नळी घालून फुग्याने वाट मोकळी केली. त्यात विशेष त्रास झाला नाही. त्यानंतर सहा तास पाय न हलवता पडून राहणे मात्र जिवावर आले.

अंगठ्याचा दाब ६८ वर आला आणि जखमेवर भार येऊ नये अशा खास चपलेत दहा आठवड्यांनी ती भरली. रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत. पोटरी दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, असा व्यायाम सांगितला आहे. त्यामुळे कठड्याशी थांबणे आता उपचारातच मोडते. डावा अंगठाही मोजून घेतला. तो ७४ भरला, म्हणजे गुणोत्तर ०.५४. त्या पायाला काहीच होत नव्हते.