भाच्याचं बोरन्हाण आणि हलव्याचा काटा: सात आठवड्यांची नोंद

7 डिसेंबर 2025, रविवार. डोंबिवली

भाच्याचं पहिलं बोरन्हाण. दादा फोनवर सहज म्हणाला, ‘हलव्याचे दागिने तूच कर की,’ आणि मी ‘बरं’ म्हणून मोकळी झाले. चार वर्षं हे करतेय, पण आजवर हलवा विकतचा आणि काम ग्लू गनचं. नव्या नवरीला ते चालतं, ती काही दागिने चाटत बसत नाही. हा अकरा महिन्यांचा गडी मात्र हाताला लागेल ते आधी तोंडात घालतो. मागच्या वर्षी मैत्रिणीच्या लेकीसाठी एका दुकानातून तयार सेट आणला होता. पोरीने हार ओढला तसे दाणे निघाले, आणि प्रत्येक दाण्याच्या बुडाला सुकलेल्या गोंदाचा थेंब. ते पाहिल्यापासून डोक्यात होतं.

म्हणून यंदा गोंद नाही, प्लॅस्टिकचे मणी नाहीत, टाचण्या नाहीत. हलवा घरी करायचा आणि सुती दोऱ्याने बांधायचा, पूर्वी बांधायचे तसा.

तारखेचा घोळ आधीच झाला. संक्रांत 14 जानेवारीला, बुधवारी. सगळ्यांना सुट्टी म्हणून पुढचा रविवार, 18 तारीख, धरली होती. आईने कालनिर्णय काढलं: त्या दिवशी अमावस्या. ‘बाळाचं पहिलं बोरन्हाण अमावस्येला? काहीतरीच!’ बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं आणि यंदा रथसप्तमी 25 जानेवारीला, तीही रविवारी. मला आयता एक आठवडा वाढवून मिळाला. आई म्हणते पंचांगाची कृपा, मी काही बोलले नाही.

मापं मागवली. डोकं 46 सेंमी, मनगट 12, कंबर 45. वहिनीने पुढे लिहिलंय, ‘हलतोय, अंदाजे धर.’

13 डिसेंबर. डोंबिवली

पहिला घाणा. दोन मोठे चमचे साबुदाणा कोरडा भाजून घेतला. एक वाटी साखर, पाऊण वाटी पाणी. उकळी आल्यावर चमचाभर दूध घातलं, वर आलेली मळी काढली, पाक गाळला. बोटांत धरल्यावर जेमतेम एक तार, त्याहून पुढे नाही. जाड बुडाची स्टीलची परात तव्यावर ठेवून गॅस अगदी बारीक. चमचाभर पाक, बोटांनी फिरवणं, सुकेपर्यंत थांबणं, मग पुढचा चमचा.

तीन तास बसले. साबुदाणा पांढरा झाला, वाढला, पण गुळगुळीत. मेडिकलमधल्या गोळ्यांसारखा. दुसऱ्या दिवशी आणखी दोन तास दिले, तर दाणे एकमेकांना चिकटून गाठोडी व्हायला लागली. डिसेंबर असला तरी खाडीकडची हवा दमट, रात्री झाकून ठेवलेला हलवा सकाळी हाताला ओलसर लागत होता.

तरी बांधून पाहिला. दोऱ्याचा फास दाण्याभोवती आवळला की दाणा साबणासारखा निसटतो. तेव्हा कुठे कळलं की काटा, म्हणजे दाण्यावर उठणारी बारीक टोकं, नुसता शोभेसाठी नाही. दोरा काट्यांच्या मधल्या खाचेत बसतो. काटा नसेल तर दागिना बांधताच येत नाही, मग गोंदच लागतो. विकतच्या दागिन्यांत गोंद कुठून आला, त्याचं अर्धं उत्तर हे असावं.

हा घाणा तिळगुळाबरोबर वाटायला बाजूला.

25 ते 27 डिसेंबर. नाशिक

लेकीला नाताळची सुट्टी. 24 ला संध्याकाळी कल्याणहून पंचवटी एक्स्प्रेस धरली आणि माहेरी. कसारा घाट संपला की हवा बदलते हे लहानपणापासून माहीत आहे, पण या वेळी मी खिडकीतून हात बाहेर काढून ती तपासत होते. लेक म्हणाली, ‘आई, लोक बघतायत.’

नाशिकची कोरडी थंडी हेच या कामाचं खरं सामान. आईने माळ्यावरून पितळेची परात काढून ठेवली होती, कल्हई करून आणलेली. बाबांनी गच्चीवर शेगडी पेटवली, निखारे पडल्यावर वर राख पसरली. आईचं म्हणणं, परातीच्या बुडाला हात लावून दहा आकडे मोजता आले पाहिजेत. सातला हात काढावा लागला तर आणखी राख.

पहिला दिवस कंटाळवाणाच. साबुदाणा, तीळ आणि थोड्या लवंगा असे तीन वेगळे घाणे, आळीपाळीने. माझी चूक आईने दहा मिनिटांत दाखवली: मी पाक घाईने घालत होते. पहिला थर हाताला खडखडीत लागेपर्यंत दुसरा चमचा घालायचाच नाही. आणि परातीत पांढरी पिठी साठत जाते ती दर तासाला चाळून काढायची, नाहीतर तीच दाण्यांवर बसून काट्यांच्या जागा बुजवते. मी ती पिठी ‘वाया कशाला’ म्हणून आतच ठेवत होते. बहुतेक पुस्तकी कृतींत चाळणीचा उल्लेखच नसतो, तेव्हा ही नोंद ठळक अक्षरात वाचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाण्यांना खरखरीत अंग आलं. आईने मला हात आखडायला सांगितलं. तोवर तळव्याने घोळवत होते, आता फक्त बोटांच्या टोकांनी, तेही अलगद, कारण नवा काटा जोरात फिरवला की मोडतो. लेकीचा हात या कामाला माझ्याहून चांगला निघाला. बोटं बारीक, आणि घाई नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आई खालूनच ओरडली, ‘आला गं!’ रात्री मलमलीच्या फडक्याखाली ठेवलेली परात तिने उघडली होती. पहिले चार चमचे पाक पडेपर्यंत मीही पाहिलं. प्रत्येक दाण्याला बारीक बारीक टोकं, उन्हात चमकणारी. बाबांनी लगेच सिद्धांत मांडला: दाण्यावर जिथे आधीच उंचवटा असतो तो परातीला आधी टेकतो, तिथला पाक आधी सुकतो, म्हणून उंच ते आणखी उंच होतं. आई म्हणाली, ‘हो का? मग उद्या तुम्हीच बसा.’

जपानमध्ये कोंपेइतो नावाची अशीच काटेरी साखरगोळी असते. नाव पोर्तुगीज ‘कोन्फेइतो’वरून आलेलं, गोळीही सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबरच तिकडे गेली. तिरप्या फिरत्या कढईत ती आठवडा-दोन आठवडे करत बसतात. हे आईला सांगितलं तर तिला आपल्या तीन दिवसांचा फार अभिमान वाटला.

साबुदाण्याचा उत्तम, तिळाचा बरा, लवंगेचा सर्वांत देखणा पण जेमतेम वीस दाणे धड निघाले.

परत येताना एक चूक. सगळा हलवा एका मोठ्या डब्यात भरला आणि डबा अर्धा रिकामा. घरी येऊन उघडते तो तळाशी मोडलेल्या काट्यांचा भुगा. सहप्रवाशांनो, लहान डबे घ्या, वर कापूस दाबून भरा.

3 आणि 4 जानेवारी 2026. डोंबिवली

बांधणी. पांढरा सुती दोरा दुहेरी. फास करायचा, त्यात दाणा धरायचा, आवळायचा, लगेच उलटी गाठ, मग पुढचा फास पहिल्याला चिकटून. पहिल्या दहा दाण्यांना वीस मिनिटं लागली आणि तीन दाणे फुटले. रविवारी संध्याकाळपर्यंत वीस मिनिटांत पंचवीसवर आले. दोरा आवळताना खाली ओढायचा नाही, दोन्ही टोकं आडवी ओढायची. हे फोनवर आईकडून समजलं, नाहीतर आणखी फुटले असते.

कमरपट्ट्याच्या तीन सरी, प्रत्येकी साधारण साठ दाणे. दोन झाल्या.

प्रत्येक सर झाली की दाणा न् दाणा ओढून बघते. सुटतो तो काढून टाकते. पहिल्या सरीत नऊ सुटले, दुसरीत दोन.

7 जानेवारी

वहिनीचा फोन. ‘ताई, सुंदर आहे सगळं, पण त्याला टोचणार नाही का हो?’ टोचणारच. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आणि दाणा तोंडात गेला तर घशात अडकायची भीती तिला आहे, तीही रास्त. ठरलं असं: हलवा फक्त बाहेरच्या बाजूला, आत दुहेरी मऊ कापड. अंगावर चढवायचं ते फोटोपुरतं, आणि तेवढा वेळ कुणीतरी हात धरून बसायचं. गळ्यातला हार रद्द. गळ्याशी ओढाताण नको आणि तोंडाच्या इतक्या जवळ तर नकोच. बाजूबंदही रद्द, तो ठेवूनच घेत नाही.

उरलं काय? मुकुट, दोन मनगट्या, कमरपट्टा, बासरी. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

10 आणि 11 जानेवारी

आईने कुरिअरने तिची जुनी चंद्रकळा पाठवली. काळी, लाल काठाची, घडीवर विरलेली. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची. कात्री लावायला माझा हात होईना. फोन केला तर म्हणाली, ‘अगं, ट्रंकेत ठेवून मी काय तिचं लोणचं घालणार आहे?’

पदराच्या धड भागातून झबलं बेतलं. उरलेल्या पट्ट्या कमरपट्टा आणि मुकुटाच्या पाठीला. आतून बाबांच्या जुन्या धोतराचं कापड, त्याच्याइतकं मऊ काहीच नाही. मुकुटाचा पुठ्ठा जुन्या लग्नपत्रिकेचा, कापड त्यावर मैद्याच्या खळीने चिकटवलं. खळ पातळ झाली तर काळ्या कापडावर पांढरे डाग येतात, घट्टच शिजवा. सरी कापडावर ठेवून दर तिसऱ्या दाण्यापाशी टाका.

मुकुटाच्या मधोमध लवंगेच्या हलव्याचं फूल, पाच पाकळ्या. सर्वांत जास्त वेळ यातच गेला आणि सर्वांत जास्त समाधानही.

बासरी लेकीची. पुठ्ठ्याची नळी, त्यावर चंद्रकळेचा लाल काठ गुंडाळलेला आणि दोन्ही टोकांना तिळाच्या हलव्याची एकेक सर. मी मदत करू का विचारलं. ‘नको, तुझ्या गाठी मोठ्या येतात.’

14 जानेवारी

संक्रांत. गुळाच्या पोळ्या, बाकी काही नाही. डोंबिवलीचा गुळगुळीत हलवा ऑफिसात वाटला. दोघांनी विचारलं, कुठल्या दुकानातला?

18 जानेवारी, रविवार

मुंग्या.

तयार कमरपट्टा पुठ्ठ्याच्या खोक्यात कपाटावर ठेवला होता. सकाळी भिंतीवरून रांग. एका टोकाचे वीसेक दाणे पोखरलेले, खळ लावलेल्या जागी तर बाजार भरलेला. अमावस्या पाळली तरी व्हायचं ते झालंच.

तेवढा तुकडा उसवला, कापड झटकून उन्हात टाकलं, नव्याने बांधला. चांगले दाणे संपत आलेत, म्हणून मागच्या बाजूला जिथे नाडीची गाठ येते तिथे थोडे विरळ लावले. आता सगळं पत्र्याच्या डब्यात, डबा परातीत, परातीत पाणी. आजी तुपाच्या भांड्याला हेच करायची, मला ते मुंग्यांनी आठवून दिलं.

25 जानेवारी, रथसप्तमी. नाशिक

चुरमुरे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, थोडा हलवा, सगळं एका पाटीत. बोरं वहिनीने मुद्दाम लहान निवडली आणि उसाचे करवे बोटभरच कापले, डोक्यावर पडायचे ना. शेजारपाजारची आठ-दहा मुलं पाटाभोवती दबा धरून बसलेली.

झबलं नेमकं बसलं. कमरपट्टा बांधला, त्याने खाली वाकून पाहिलं आणि दोन्ही हातांनी पकडला. ओढला. पुन्हा ओढला. एकही दाणा सुटला नाही! मी दादाकडे पाहिलं, तो मोबाईलवर कोन शोधत होता. डाव्या हाताची मनगटी त्याने चाटून चाटून गुळगुळीत केली, थेट माझ्या पहिल्या घाण्यासारखी. मुकुट डोक्यावर अर्धा मिनिट टिकला असेल. मग तो खाली आला, एका शेजारच्या मुलाच्या गुडघ्याखाली गेला आणि लवंगेच्या फुलाच्या तीन पाकळ्या गेल्या. बासरी त्याने हातात घेतली ती सोडलीच नाही. फोटोत सगळ्यात छान तीच आलीय, आणि लेक ते दर तासाला सांगतेय.

वरून पाटी ओतली तेव्हा तो आधी दचकला, मग चुरमुऱ्यांवर थापा मारत बसला. मुलांनी बोरं-शेंगा दोन मिनिटांत लंपास केल्या.

हिशेब: साखर दीड किलो (वाया गेलेल्या घाण्यासकट), बांधणीच्या नऊ संध्याकाळी, फुटलेले दाणे मोजले नाहीत. पुढच्या वेळी लवंगेचा घाणा आधी लावणार आणि दुप्पट करणार. तिळाला आणखी एक दिवस हवा होता. मनगटीची बंदं आणखी अर्धा सेंमी रुंद ठेवायला हवी होती, वळ उठला थोडा. कुणी मण्यांशिवाय नुसत्या दोऱ्याने नथ बांधली असेल तर फास कसा वळवता ते जरूर सांगा, पुढच्या संक्रांतीला चुलतबहिणीच्या सुनेचा नंबर आहे.

मुकुट उरला नाही. मनगट्या त्याच संध्याकाळी संपल्या, एक त्याने आणि एक बाबांनी. कमरपट्टा आईने पुसून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलाय, वर चंद्रकळेचा उरलेला तुकडा आणि मुंग्यांसाठी चार लवंगा.