श्रावण, डिस्चार्ज आणि साडेसातची मीटिंग

श्रावण लागला की आमच्या मेडिसिन वॉर्डात एक ठरावीक पेशंट येतो. गटारीला भरपूर ढोसायची आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद. घरचे खूश. पण रोज पिणाऱ्याचं शरीर दारूशिवाय चालायचं विसरलेलं असतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फीट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम. श्रावण पाळणं चांगलंच, पण अशा माणसाने तो डॉक्टरांना विचारून पाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी मेडिकल सोशल वर्कर. त्या वर्षी आलेले काका लोअर परळच्या एका प्रिंटिंग प्रेसमध्ये होते, राहायला काळाचौकीला चाळीत. सकाळचा उतारा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी मशीनवरच फीट आली. वॉर्डात त्यांना चादरीवर मुंग्या दिसायच्या, आणि रात्रभर ते हाताने हवेतच कागद लावत बसायचे. थायमिन या जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, शांत करायला लोराझेपाम, मग हळूहळू माणूस भानावर आला.

बायको माझ्या टेबलापाशी आली ती पर्स उघडतच. आत पावडरची पुडी. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘न सांगता दारू सोडवा’ छाप जाहिरातीवरून मागवलेली.

‘‘मॅडम, ह्यांच्या डाळीत टाकू?’’

पुडी मी काढूनच घेतली. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाची खरी गोळी असते, पण तीसुद्धा पेशंटला सांगून, त्याची तयारी असेल तरच द्यायची. नकळत दिली आणि वरून तो प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. ती हिरमुसली. माळ घालून झाली होती, ती उतरूनही झाली होती. आता उरलं काय?

डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ होती, ‘ए.ए. मीटिंगला जाणे’. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना धरून चालवलेले गट. ही ओळ मला कधीच पटलेली नाही. मुंबईत मीटिंगा शाळांच्या वर्गांत, चर्चच्या हॉलमध्ये, वेगवेगळ्या भाषांत आणि वेळांना भरतात. वॉर्डातून नुकताच उठलेला, हात थरथरणारा माणूस त्यातली स्वतःची कशी शोधणार?

मी ए.ए.च्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचे गृहस्थ स्वतः पूर्वी पिणारे. त्यांनी आजाराबद्दल अवाक्षर विचारलं नाही. ‘‘मराठी ना? कामावरून सुटतात कधी? घरी जाताना बार कुठे लागतो?’’ तिसरा प्रश्न ऐकून मी पेनच खाली ठेवलं. इतकी वर्षं हिस्ट्री घेतेय, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

घराजवळचा ग्रुप काकांनी झटकून टाकला. ‘‘त्या शाळेत आमच्या चाळीतली पोरं शिकतात. सगळ्यांना कळेल.’’ चाळीत सगळ्यांना ठाऊकच होतं, पण हे बोलून दाखवायचं नसतं. मग दादरचा ग्रुप निघाला, संध्याकाळी साडेसातचा. सहाला सुटून लोअर परळहून गाडी धरली की दोन स्टेशनं. करी रोडच्या पुलाकडचा नेहमीचा रस्ता आपोआप टळतो, आणि क्वार्टरची वेळ खोलीत बसण्यात जाते.

त्या दिवशीची मीटिंग ओपन होती, म्हणजे घरच्यांना आणि माझ्यासारख्यांनाही बसता येतं. आम्ही तिघं गेलो. स्टेशनवर एक सभासद घ्यायला आले होते. बायकोला जाताना धास्ती, बुवाबाजी तर नाही ना? मी तिला सांगितलं, १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत राहिले, त्यातून हे उभं राहिलं. बुवा नाही, फी नाही, आडनावसुद्धा विचारत नाहीत.

वर्गात लहान मुलांचे बाक, भिंतीवर पाढे. एक जण उठले आणि म्हणाले, ‘‘मी दर वर्षी श्रावण कडक पाळायचो. गणपतीत मात्र पार आडवा.’’ सगळे हसले. काकाही. वॉर्डात इतक्या दिवसांत ते हसलेले मी पाहिले नव्हते. त्यांची पाळी आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘‘आज ऐकतो.’’ कुणी आग्रह केला नाही.

शेवटी पैशांची पिशवी फिरली. मी शंभराची नोट काढली, तर शेजारच्यांनी हलकेच हात अडवला. बाहेरच्यांचे पैसे ते घेत नाहीत, खर्च सभासदच भागवतात. आमच्याकडे देणगीदारांच्या नावाच्या पाट्या लावायला भिंत पुरत नाही, ते आठवून गंमत वाटली. बायकोला अल-अ‍ॅनॉनची माहिती मिळाली. ती मीटिंग पिणाऱ्यांच्या घरच्यांची. ‘‘मी कुठे पिते?’’ असं पुटपुटत तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला, पुडी होती त्याच कप्प्यात.

गोकुळाष्टमीनंतर ती दोघं ओपीडीला आली. दहीहंडीच्या रात्री काकांनी घेतली होती. बायकोने ते दारातूनच सांगितलं, तावातावाने. काका मान खाली घालून म्हणाले, ‘‘दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये सांगितलं मी. कुणी ओरडलं नाही.’’

डॉक्टरांनी लिव्हरच्या तपासण्या लिहिल्या. मी विचारलं, प्रेसमध्ये बुधवारी ओव्हरटाइम लागतो म्हणालात, मग त्या दिवशीचं काय, दुसरी मीटिंग शोधून देऊ का?

‘‘नको मॅडम,’’ म्हणत त्यांनी खिशातून मळका कागद काढला. आठवडाभराच्या मीटिंगा, वार आणि वेळेसकट, वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेल्या. ‘‘फक्त प्रेससाठी सिक सर्टिफिकेट तेवढं द्या. त्यात फीट लिहा, दारू नको.’’

सर्टिफिकेट डॉक्टर देतात, असं सांगून मी त्यांना पुन्हा रांगेत पाठवलं.